बांधावरच्या व दारातल्या फुलझाडांची छाटणी : महिना कोणता धरावा ?



या पानावर एरवी बेणे, खत आणि पाणी यांबद्दलच लिहिले जाते. आज विषय थोडा वेगळा घेतला आहे. पण तो उसापासून फार लांबचा नाही, हे वाचता वाचता ध्यानात येईल.

माघ महिना लागला की गट ऑफिसला एक तक्रार हमखास येते. "साहेब, औंदा आंब्याला रस्त्याकडच्या अंगाला मोहरच न्हाई. मागल्या अंगाला मात्र गच्च हाय." मग कोणी धुक्याला दोष देतो, कोणी तुडतुड्याला, तर कोणी थेट कारखान्याच्या धुराड्याला. झाडाखाली जाऊन वर पाहिले म्हणजे उलगडा होतो. रस्त्याकडच्या फांद्यांची टोके कोयत्याने उडवलेली असतात. नोव्हेंबरात तोड आली, ट्रक फडात यायला फांदी आडवी आली, टोळीतल्या गड्याने टपावर चढून चार घाव घातले आणि वाट मोकळी केली. त्या चार घावांबरोबर त्या अंगाचा मोहरही गेला. तो तेव्हा डोळ्याला दिसत नव्हता एवढेच.

आपल्याकडे छाटणीचा महिना माणसांच्या सोयीने ठरतो. हंगामात शेतावर माणसे असतात, कोयते असतात, वाहने असतात, आणि वाढ्याबरोबर जनावरांना थोडा हिरवा पालाही हवा असतो. म्हणून दिवाळीपासून शिमग्यापर्यंत हाताला येईल ते झाड सरसकट छाटले जाते. यात काही झाडांचे भले होते, काहींचे वर्षाचे फूल जाते. मोगऱ्याला जो महिना मानवतो तोच आंब्याला घातक ठरतो. असे का होते हे एकदा समजून घेतले, की प्रत्येक झाडाचा महिना पाठ करत बसण्याची गरज राहत नाही.

फूल ठरते कधी आणि दिसते कधी

हे समजायला आपल्याला पुस्तक नको, ऊस पुरे. उसाला तुरा दिसतो तो नोव्हेंबर-डिसेंबरात. पण तुरा यायचा की नाही हे शेंड्यातल्या कोंबात ठरते ते ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, दिवस-रात्र जवळजवळ सारखे व्हायला लागतात त्या काळात. तेव्हा उभ्या उसाकडे पाहून काहीच कळत नाही. शेंडा उभा चिरून पाहिला तरच जाणकाराला कळते. म्हणजे फूल दिसण्याच्या कितीतरी आधी ते काडीत ठरून बसलेले असते.

झाडांचेही असेच आहे, पण त्यांच्यात दोन तऱ्हा आहेत. काही झाडे गेल्या हंगामात वाढून पक्व झालेल्या काडीवर फुलतात. याला आपण जुन्या काडीवरचे फूल म्हणू. आंबा, गुलमोहर, बहावा, पळस, पांगारा, गिरिपुष्प ही त्यातली. काही झाडे आधी नवी फूट काढतात आणि त्याच कोवळ्या फुटीवर कळी धरतात. मोगरा, गुलाब, जास्वंद, कण्हेर, पारिजातक, बोर ही त्यातली.

मग छाटणीचा नियम आपोआप निघतो. जुन्या काडीवर फुलणारे झाड फूल किंवा फळ आटोपल्यावर लगेच छाटावे, म्हणजे नवी काडी वाढून पक्व व्हायला त्याला पुरते महिने मिळतात. नव्या फुटीवर फुलणारे झाड नवी फूट निघण्याच्या तोंडावर, ते विश्रांतीत असताना छाटावे, म्हणजे छाटल्याने फूट जास्त निघते आणि फूलही जास्त येते.

आपले झाड कोणत्या तऱ्हेचे हे ओळखणे सोपे आहे. झाड फुलावर असताना त्याच्याखाली उभे राहावे आणि फुलाचा देठ कशाला चिकटला आहे ते बघावे. काडी तपकिरी, सालीची, पाने गळून गेल्याच्या खुणा असलेली असेल तर ती जुनी. हिरवी, लवचिक, नखाने सहज ओरखडा उठेल अशी असेल तर ती नवी. पळसाकडे शिमग्याच्या सुमारास बघा. अंगावर पान नाही आणि फुले ओसंडलेली. त्याने नवी फूट अजून काढलेलीच नाही, मग फूल येणार कुठून ? जुन्या काडीतूनच.

आंबा

आपल्या कार्यक्षेत्रात बांधावर सर्वांत जास्त वाद होतो तो आंब्यावरून, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आंब्याचा मोहर फांदीच्या टोकाला येतो, आणि तो त्याच टोकाला येतो ज्याची पालवी काही महिन्यांपूर्वी निघून चांगली जून झाली आहे. पाने गडद हिरवी, कडक, काडी गोल भरलेली असली पाहिजे. कोवळ्या तांबूस पालवीच्या टोकाला त्या वर्षी मोहर येत नाही. आता नोव्हेंबरात टोक कापले तर काय होते पाहा. कापलेल्या जागेखालून एक तर काहीच फुटत नाही, किंवा जानेवारीत नवी पालवी निघते. ती जून व्हायला पुढे कित्येक आठवडे लागतात, तोवर मोहराचा काळ सरलेला असतो. म्हणून त्या अंगाचा आंबा त्या वर्षी गेला असेच समजावे.

आंब्याची छाटणी फळ उतरवून झाल्यावर लगेच करावी. आपल्याकडे गावरान आंबा मे अखेर ते जूनमध्ये उतरतो. उतरणी संपल्यापासून पंधरा-वीस दिवसांत काम आटोपावे. मृगाच्या आसपास छाटलेल्या झाडाला पावसाचे पाणी मिळते, नवी पालवी जुलै-ऑगस्टात निघते, ऑक्टोबरच्या उन्हात ती जून होते आणि थंडीत मोहरायला तयार राहते. छाटणी श्रावणाच्या पुढे नेऊ नये. उशिरा निघालेली पालवी थंडीपर्यंत कोवळीच राहते.

काय कापावे हेही महत्त्वाचे. आंब्याची टोके सरसकट उडवू नयेत. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, आतल्या अंगाला उगाच वाढलेल्या फांद्या काढाव्यात. झाडाच्या मध्यातून खाली थोडे ऊन पडले पाहिजे. खोडावर कवडसे दिसायला लागले की थांबावे. पहिल्याच वर्षी झाड बोडके करण्याची घाई करू नये. दोन-तीन वर्षांत मिळून करावे.

आणि बांडगूळ ! आपल्या भागातल्या जुन्या आंब्यांचे खरे दुखणे ते आहे. बांडगुळाची फुले बघून काही मंडळी म्हणतात, "असू दे की, शोभा हाय." ती शोभा आंब्याच्या अन्नावर पोसलेली असते. बांडगुळाची मुळे फांदीच्या लाकडात शिरलेली असतात, म्हणून नुसता वरचा झुपका ओढून काढून उपयोग होत नाही, तो पुन्हा फुटतो. जिथे ते बसले आहे त्याच्या फूट-दीड फूट खाली, म्हणजे बुंध्याच्या बाजूला, फांदीच कापावी. पाखरे त्याची फळे खाऊन चिकट बी दुसऱ्या फांदीवर पुसतात आणि फैलाव होतो, म्हणून फळ पिकण्याच्या आत काम व्हावे. बांडगुळापुरता महिन्याचा नियम पाळत बसू नये. दिसेल तेव्हा काढावे. तेवढा मोहर गेला तरी चालेल.

गुलमोहर, बहावा, पळस, पांगारा

गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरचा, पण आता आपल्या शाळांच्या आवारांत आणि वसाहतींत इतका रुळला आहे की तो परका वाटत नाही. हा आणि बहावा दोन्ही चैत्र-वैशाखापासून फुलतात. यांची छाटणी फूल ओसरल्यावर, जून-जुलैत, आणि तीही हलकी. बहाव्याला तर मी शक्यतो हात लावू नका असेच सांगतो. वाळकी फांदी काढली की त्याचे भागते.

गुलमोहराच्या बाबतीत मात्र एक अपवाद करावा लागतो. त्याचे लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात मोठी फांदी अचानक मोडते. घरावर, गोठ्यावर किंवा शाळेच्या वाटेवर झुकलेली, चिरलेली, पोकळ झालेली फांदी दिसली तर फुलाची वाट पाहू नये. मार्च-एप्रिलमध्येच ती उतरवून घ्यावी. एका फांदीच्या फुलापेक्षा खालून जाणारी पोरे मोलाची.

पळस, पांगारा, काटेसावर ही पौष ते फाल्गुन या काळात बोडक्या फांद्यांवर फुलतात. त्या दिवसांत रानात दुसरे फूल कमी, त्यामुळे मधमाश्या आणि पाखरे यांच्यावर तुटून पडलेली असतात. नेमके याच काळात सरपणासाठी यांच्या फांद्या तोडल्या जातात. थोडे थांबून चैत्रानंतर तोडले तर सरपण तेवढेच मिळते.

मोगरा आणि दारातली झुडपे

आता दुसरी तऱ्हा. कार्यक्षेत्रातल्या काही सभासदांनी शहराच्या बाजारासाठी पाच-दहा गुंठे मोगरा लावलेला आहे. पैसा रोज हातात येतो, घरच्या बायकांच्या कष्टाला भाव मिळतो, म्हणून हे चांगलेच आहे. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते, आणि त्याची सगळी किल्ली छाटणीआधीच्या ताणात आहे. दिवाळीनंतर पाणी कमी करीत जाऊन बंद करावे. पाने पिवळी पडून गळू लागतात. मग डिसेंबर ते जानेवारीत जमिनीपासून सुमारे दीड फूट उंचीवर झुडूप छाटावे, वाळक्या व रोगट काड्या तळातून काढाव्यात, आळी खणून शेणखत व वरखत द्यावे आणि पाणी सुरू करावे. मार्चपासून कळी चालू होते आणि उन्हाळ्यातला चांगला भाव सापडतो.

यात आपल्या सभासदांची एक वेगळी अडचण आहे. मोगऱ्याचा तुकडा बहुधा उसाला लागून असतो. उसाला पाणी चालू, पाट मोगऱ्याच्या उशाशी, त्यामुळे झिरप्याने मोगऱ्याला ताण बसतच नाही. झुडूप हिरवेगार राहते, मालक खूश होतो, आणि उन्हाळ्यात कळी मात्र विरळ. अशा ठिकाणी मोगऱ्याच्या कडेने दीड-दोन फूट खोल चर काढावा, किंवा तेवढ्या लांबीचा पाट बंद करून पाणी पाइपाने पुढे न्यावे. ताण बसला नसेल तर नुसती कात्री चालवून फारसे साधणार नाही.

गुलाबाला आपल्याकडे दोन छाटण्या देतात, पावसाच्या तोंडाला जूनमध्ये हलकी आणि पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात मुख्य. चार-पाच जोमदार काड्या ठेवून बाकीच्या काढाव्यात. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका द्यावा. डोळा कसा निवडायचा हे ऊस लावणाऱ्याला वेगळे शिकवायला नको ! छाटल्यापासून सहा-सात आठवड्यांत फूल येते. कलमाच्या सांध्याखालून खुंटाची रानटी फूट निघते ती मुळापासून काढावी. अनेकांच्या दारात "गुलाब बिघडला, आता बारकी फुलं येतात" असे जे ऐकू येते, तिथे बहुतेक वेळा कलम मरून खुंटच वाढलेला असतो.

पारिजातक श्रावणापासून पुढे फुलतो, म्हणून त्याची छाटणी फूल संपल्यावर पौष-माघात. जास्वंद जवळजवळ बारमाही, तिला थंडी सरताना छाटावे. पांढरा चाफा फांदीच्या टोकालाच फुलतो. कापलेली फांदी लगेच फुलणार नाही हे धरून, आकारापुरतेच आणि पानगळ झालेली असताना कापावे. तोडलेला तुकडा आठ-दहा दिवस सावलीत ठेवून चीक सुकू द्यावा आणि मग लावावा. बहुधा लागतो.

कण्हेरीबद्दल मात्र ठासून सांगायचे आहे. ती नव्या फुटीवर फुलते, फेब्रुवारीत छाटली की उन्हाळाभर फुलते, हे खरे. पण तिचे पान, काडी, चीक सगळेच विषारी, आणि पान वाळल्यावरही विष जात नाही. हंगामात गोठ्यापुढे वाढ्याचा ढीग पडलेला असतो. छाटलेली कण्हेर त्यात मिसळली आणि जनावराने खाल्ली तर दावणीला बैल दगावू शकतो. कण्हेरीची छाट लगेच गोळा करून खोल पुरावी. चुलीत घालू नये, आणि पोरांना तिच्या काडीने खेळू देऊ नये.

शेवगा, सीताफळ, बोर

शेवग्याचे फूल म्हणजेच शेंग, म्हणून तो या लेखात बसतो. कोकण रुचिरा, पीकेएम-१ अशा जातींची रोपे बऱ्याच जणांनी बांधावर लावली आहेत, पण बहुतेकांनी ती तशीच वर जाऊ दिली. झाड वीस-पंचवीस फूट गेले, शेंगा आकड्याला येईनात आणि वळवाने निम्मे झाड मोडले, अशी गत होते. रोप तीन-साडेतीन फुटांचे झाले की शेंडा खुडावा. बगलेच्या चार-पाच फांद्या चारी बाजूंना ठेवाव्यात, त्याही तीन फुटांवर पुन्हा खुडाव्यात. पुढे दरवर्षी शेंगांचा हंगाम आटोपला की एप्रिल-मे महिन्यांत झाड चांगले खाली घ्यावे. शेवगा कापायला घाबरू नये, तो जोमाने फुटतो.

हादगा मात्र तसा नाही. त्याची भाजी करतात तीही फुलांचीच, म्हणून लोक त्याला शेवग्याच्या पंगतीला बसवतात आणि तसाच कमरेइतका खाली कापतात. वारंवार बुंध्यावर कापलेला हादगा बहुधा वाळतो. त्याचा शेंडा लहानपणी खुडावा, मोठेपणी फक्त बाजूच्या फांद्या थोड्या घ्याव्यात.

सीताफळ पानगळीनंतर, माघाच्या सुमारास, हलके छाटावे. त्याचे पान जनावर खात नाही, म्हणून उघड्या बांधाला हे झाड फार सोयीचे. बोराची फळे संपली की एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत चांगली सपाटून छाटणी द्यावी. त्याचे फूल सगळे नव्या फुटीवर येते, त्यामुळे न छाटलेल्या बोरीला बोरे येतात ती बारीक आणि शेंड्याला.

सावली उसावर पडते त्याचे काय ?

इथे सभासद विचारतील, "तुम्ही फुलाचं सांगताय, माझ्या पाच सऱ्या सावलीत बसल्या त्याचं काय ?" प्रश्न रास्त आहे. उसाला ऊन लागते आणि सावलीतल्या सरीला फुटवा कमी येतो, हे कोणी नाकारत नाही.

पण सावली कोणत्या बांधाची आणि कोणत्या महिन्यात पडते ते बघा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. डिसेंबरअखेर आपल्या भागात भर दुपारीसुद्धा तीस फुटी झाडाची सावली उत्तरेकडे सुमारे पंचवीस फूट पडते. चार-साडेचार फुटी सरी धरली तर पाच-सहा सऱ्या झाल्या. मे महिन्यात मात्र दुपारची सावली बुडाशीच पडते. म्हणजे त्रास आहे तो प्रामुख्याने दक्षिण बांधावरच्या झाडांचा, तोही थंडीत, जेव्हा सुरू उसाची उगवण व फुटवा चालू असतो आणि पूर्वहंगामी ऊस वाढीला लागतो. उत्तर बांधावरच्या झाडाने उसाचे फारसे बिघडत नाही, तरी हंगामात तेही त्याच पट्ट्यात छाटले जाते.

आता दोन्ही हिशेब जुळवून बघितले तर त्यांच्यात भांडण उरत नाही. जानेवारीत ज्या फांदीची सावली नको, ती फांदी आदल्या जून-जुलैतच काढता येते. आंबा उतरून झालेला असतो, गुलमोहर फुलून झालेला असतो, झाडाला पुढे पावसाचे पाणी असते. सहा महिन्यांत निघालेली नवी पालवी मोठ्या फांदीइतकी सावली काही धरत नाही. दक्षिण बांधावरच्या झाडाच्या खालच्या फांद्या काढून ते उंच उचलून घ्यावे, म्हणजे खालून तिरपे ऊन आत शिरते. शेंडा मारू नये. शेंडा मारलेले झाड छत्रीसारखे पसरते आणि पुढच्या वर्षी सावली वाढते, असा बऱ्याच बांधांवरचा अनुभव आहे.

ट्रकच्या वाटेचेही तसेच. तोड कोणत्या वाटेने बाहेर निघणार हे आपल्याला आधीच माहीत असते. त्या वाटेवर पंधरा-सोळा फूट उंचीपर्यंत मोकळे करण्याचे काम मृगाच्या आसपास करून ठेवावे. तोडीच्या दिवशी मुकादम खोळंबलेला असतो, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो, अशा वेळी झाडाचा विचार कोण करणार ? टोळीचा कोयता ऊस तोडण्यासाठी आहे. त्याने झाड छाटू देऊ नये. ठेचलेली, साल सोललेली जखम लवकर भरत नाही.

गिरिपुष्पाचा हिशेब वेगळा आहे. तो आपण फुलासाठी लावलेलाच नाही, पाल्यासाठी लावला आहे. पाल्यासाठी तो जमिनीपासून तीन फुटांवर वर्षातून दोन-तीनदा कापावा आणि पाला सरीत टाकावा. असा कापलेला गिरिपुष्प माघात फुलणार नाही, न फुलो. बी हवे असेल तर एका टोकाची चार झाडे दिवाळीनंतर न कापता राखावीत.

काप कसा द्यावा

मनगटाएवढ्या किंवा त्याहून जाड फांदीला तीन काप द्यावेत. पहिला खालून, बुंध्यापासून फूटभर अंतरावर, फांदीच्या एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा पुढे. इथे फांदी मोडून पडते आणि साल बुंध्यापर्यंत फाटत जात नाही. मग उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढावा. पूर्वी सांगत की बुंध्याला अगदी घासून कापा. आता तसे सांगत नाहीत. फांदी जिथे बुंध्याला मिळते तिथे सालीची एक फुगीर कडी असते. अमेरिकेच्या वनखात्यातील ॲलेक्स शिगो या शास्त्रज्ञाने हजारो झाडे उभी चिरून दाखवले की जखम बंद होते ती त्या कडीमुळे. म्हणून कडी न दुखावता तिच्या लगत बाहेर कापावे. वीतभर खुंटही ठेवू नये, तो कुजून बुंध्यात पोकळी करतो.

पावसाळ्यात कापायचे म्हणजे बुरशीची भीती असतेच. म्हणून पहिल्या पावसाआधी किंवा चांगली उघडीप पाहून कापावे. फळझाडांच्या जखमांना बोर्डो पेस्ट लावण्याची आपल्याकडे शिफारस आहे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावे, भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे, लोखंडाचे नको. पेस्ट लावली म्हणून वाकडा काप चालतो असे मात्र समजू नये. भर उन्हाळ्यात मोठी छाटणी करावी लागलीच, तर उघड्या पडलेल्या बुंध्याला चुन्याचा हात द्यावा, नाहीतर पश्चिमेच्या उन्हाने साल तडकते.

विजेच्या तारेला टेकलेल्या फांदीला स्वतः हात लावू नये. वायरमनला कळवून, लाइन बंद करून घेऊनच काम करावे. ओल्या फांदीतून करंट उतरतो. गावात आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग अशी झाडे तोडायची झाल्यास १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते, आणि शहर हद्दीत घर असलेल्यांना १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू आहे. तिथे फांद्या छाटण्यापूर्वीही नगरपालिकेत चौकशी करावी. कापण्याआधी घरटे आहे का तेवढे वर बघून घ्यावे. अंडी-पिल्ले असतील तर ती फांदी महिनाभराने काढली म्हणून काही बिघडत नाही.

कडुनिंब आणि हुमणी

शेवटी उसाशी थेट संबंध असलेली गोष्ट. कडुनिंब चैत्रात फुलतो आणि आषाढाच्या सुमारास निंबोळी टाकतो. निंबोळी हवी असेल तर छाटणी त्यानंतर. पण उन्हाळ्यात कडुनिंब व बाभळीला हात लावू नका असे सांगण्याचे आणखी एक कारण आहे.

वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर पाला खायला व मीलनासाठी जमतात. तिथून मादी जमिनीत जाऊन पन्नास-साठ अंडी घालते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात आपला ऊस बुडातून सुटायला लागतो. हुमणी पकडण्याची सर्वांत स्वस्त वेळ हीच, आणि त्यासाठी झाडावर पाला असावा लागतो. मे महिन्यात बांधावरचा कडुनिंब बोडका केला तर भुंगेरे मरत नाहीत, ते दुसऱ्याच्या बांधावर जातात आणि पकडण्याची जागा आपल्या हातची जाते. म्हणून बांधावरचा निदान एक कडुनिंब किंवा बाभूळ, आकड्याने फांद्या हलवता येतील अशा उंचीचा, पाल्यासह राखावा. ही उंची राखण्यासाठी त्याची छाटणी ऑगस्टात निंबोळी वेचून झाल्यावर करावी.

पहिला वळीव पडला की त्याच संध्याकाळपासून रोज साडेसात-आठच्या सुमारास झाडाखाली जुने पोते किंवा ताडपत्री अंथरावी, आकड्याने फांद्या जोरात हलवाव्यात आणि पडलेले भुंगेरे रॉकेल किंवा डिझेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. हे एकट्याने करून भागत नाही. शेजारच्या चार-पाच बांधांवर एकाच संध्याकाळी झाले तर उपयोग. पाऊस पडल्याचे कळताच आपल्या गटाच्या शेतकी मदतनिसाला निरोप द्यावा, म्हणजे शिवारातल्या सगळ्यांना एकाच वेळी सांगणे सोपे जाईल.